पोटात भूक, नाकात वास

सकाळपासून पोटात काही नसलं की कढीपत्त्याच्या फोडणीचा वास लांबूनही येतो. याचं कारण निदान उंदरांत तरी सापडलं आहे. शरीर स्वतः भांगेतल्या द्रव्यासारखी रसायनं बनवतं. आनंदामाइड हे त्यातलं एक, १९९२ साली सापडलेलं. २०१४ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की उपाशी उंदरांच्या मेंदूतल्या गंधकंदात ही रसायनं वाढतात. तिथे काही पेशी वासाचे संदेश पुढे नेतात, तर काही त्यांना आवर घालतात. आवर घालणाऱ्या पेशींना मेंदूच्या इतर भागांतून मिळणारं उत्तेजन या रसायनांमुळे कमी होतं. आवर सैल पडला, की पुसटसा वासही जाणवतो आणि उंदीर जास्त खातो. मला हा शोध फार सुंदर वाटतो: भूक थेट नाकाची धार बदलते!

डोळ्याचंही तसंच. २०१६ मध्ये कॅनडात बेडकाच्या पिल्लांवर प्रयोग झाले. अशाच रसायनांमुळे दृष्टिपटलाच्या पेशींतलं क्लोराइड घटल्याने त्या अधिक उत्तेजनक्षम झाल्या आणि पिल्लांना अंधूक उजेडात हलणारे ठिपके अधिक चांगले दिसू लागले.

भांगेचा डोळ्याशी आणखी एक संबंध आहे, तो काचबिंदूत. चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या कॉलेज रोडवर, डॉ. बद्रिनाथांनी १९७८ मध्ये उभारलेल्या शंकर नेत्रालयात देशभरातून काचबिंदूचे रुग्ण येतात. काचबिंदूत वाढणारा डोळ्यातला दाब भांगेने उतरतो हे १९७१ पासून माहीत आहे. पण तो परिणाम तीन-चार तासच टिकतो, शिवाय रक्तदाबही घसरू शकतो. म्हणून नेत्रतज्ज्ञ आजही थेंबच लिहून देतात.