अपघात-विभागांतून मनोरुग्णांच्या शुश्रूषेकडे

आमच्या एका स्नेह्यांची थोरली सून नऊ वर्षें एका मोठ्या इस्पितळांत परिचारिका होती, आणि तीही अपघात-विभागांत; इस्पितळांतील मंडळी ज्याला 'कॅज्युअल्टी' म्हणतात तेथें. दोन वर्षांपूर्वीं तें काम सोडून मनोरुग्णांच्या शुश्रूषेचा पदव्युत्तर अभ्यास करण्याचें तिनें ठरविलें, तेव्हां घरांत उठलेल्या वादळाचे आम्ही साक्षीदार आहों. "जखमी माणसांची सेवा केलीस, तें चांगलेंच, पण वेड्यांत जाऊन काय मिळवणार?" असें सासूबाई म्हणाल्या. धाकट्या दिरांचें लग्न जमावयाचें होतें, ही अडचण निराळीच. हें सर्व आमच्या घरींही असेंच झालें असतें, हें कबूल केलेलें बरें.

तिच्या निश्चयाचें कारण आम्हीं तिच्याच तोंडून ऐकलें. एका रात्रीं कीटकनाशक प्यालेली वीस-बावीस वर्षांची मुलगी विभागांत आली. डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या झालेल्या, श्वास घरघरत होता. अ‍ॅट्रोपीन सुरू झालें, आणि पहांटेपर्यंत जीव वांचला. आठवड्यानें मुलगी घरीं गेली. कागदावर नाडीची, श्वासाची, रक्तदाबाची नोंद होती; तिनें हें कां केलें, याला रकानाच नव्हता. चार महिन्यांनीं तीच मुलगी पुनः आली, आणि त्या खेपेस उशीर झाला होता.

"पहिल्या खेपेस दोन रात्री मी तिच्या उशाशीं होतें, काका," ती आम्हांस म्हणाली. "सलाईन किती गेलें तें तासातासाला लिहिलें. तिला एक प्रश्न विचारला नाहीं."

न विचारण्याचें मूळ एका समजुतींत आहे. आत्महत्येविषयीं उघड विचारलें तर नसलेला विचार मनांत भरेल, असें पुष्कळ सुशिक्षितांसही वाटतें. अनुभव व संशोधन दोन्ही उलट सांगतात: शांतपणें, सरळ शब्दांत विचारल्यानें तो विचार वाढत नाहीं, बोलावयास वाट मात्र मिळते. दुसरें कारण कायद्याची भीति. भारतीय दंड संहितेच्या ३०९ व्या कलमानें असा प्रयत्न गुन्हा ठरे, म्हणून घरचीं माणसें "चुकून प्याली" असेंच सांगत. मे २०१८ पासून अमलांत आलेल्या मानसिक आरोग्य-सेवा कायद्यानें अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असें गृहीत धरावयास सांगितलें, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेंत तें जुनें कलम उरलें नाहीं. भीति मात्र कायद्याइतक्या लौकर जात नाहीं.

या विद्येला शास्त्राचें रूप देण्याचें पुष्कळसें श्रेय अमेरिकेंतील हिल्डेगार्ड पेप्लॉ (१९०९-१९९९) यांस जातें. परिचारिका आणि रुग्ण यांचा परस्परसंबंध हेंच उपचाराचें साधन होय, हा त्यांचा सिद्धान्त. त्यांचा ग्रंथ १९४८ सालींच लिहून तयार होता. पण डॉक्टराचें नांव जोडल्यावांचून परिचारिकेनें ग्रंथ लिहावा हें प्रकाशकांस रुचेना, आणि तो १९५२ सालीं बाहेर पडला. पुढें रटगर्स विद्यापीठांत त्यांनीं या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. आज तिकडे उच्च शिक्षण घेतलेली मनोरोग-परिचारिका निदान करते, औषधेंही लिहून देते. आमच्याकडे एक वर्षाची पदविका किंवा दोन वर्षांची एम्. एस्सी. करतां येते, पण औषधयोजना डॉक्टरांच्याच हातीं राहते.

जुनें काम वायां गेलें काय, असें आम्हीं तिला विचारलें. ती हंसली. ऐन उन्हाळ्यांत वॉर्डांत लिथियम घेणारे एक गृहस्थ जुलाब-उलट्यांनंतर झोंकांड्या खाऊं लागले, हात थरथरूं लागले. आजार उलटला, असें सर्वांस वाटलें. अंगांतील पाणी व मीठ कमी झालें कीं लिथियम रक्तांत सांठून विषासारखें बाधतें, हें तिला स्मरलें. रक्त तपासावयास गेलें आणि तेंच निघालें. तसेंच दारू सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं भिंतीवर किडे दिसूं लागलेला मनुष्य 'वेडा' नसतो; तें जिवावरचें दुखणें असतें. अपघात-विभागांत मुरलेल्या डोळ्यांस हा फरक लौकर उमगतो.

विसरावी लागली ती घाई. तिकडे चार मिनिटांत निर्णय. इकडे एक बाई पांच दिवस भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि हिनें रोज अर्धा तास तिच्याजवळ नुसतें बसावयाचें. पहिले तीन दिवस आपण पगार फुकट घेतों असें तिला वाटे. सहाव्या दिवशीं ती बाई म्हणाली, "उद्यां येणार ना?" एवढेंच. पगार मात्र पूर्वींपेक्षां कमी आहे, आणि हें आम्हांस मुळींच योग्य वाटत नाहीं.

गेल्या महिन्यांत आम्ही त्यांच्याकडे जेवावयास गेलों होतों. पानें वाढून झाल्यावर सासूबाईंनीं सुनेला स्वयंपाकघराच्या दाराशीं बोलावलें. त्यांच्या धाकट्या बहिणीस गेलीं अकरा वर्षें माहेरच्या माडीवर ठेवलेलें आहे. ती कोणाशीं बोलत नाहीं, आणि हा विषय त्या घरांत आजवर निघालेला नव्हता. सुनेनें भातवाढी खालीं ठेवली, आणि मावशींस झोंप येते का, जेवण किती जातें, पहिल्यानें कधीं गप्प झाल्या, एवढेंच विचारलें. सोमवारीं दोघी मिळून त्यांना भेटावयास गेल्या.