थकव्याची कैफियत

मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री रुग्णाला सलग झोपू देत नाहीत, हे काचेच्या दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकास प्रथम निष्ठुरपणाचे वाटते. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, मेंदूच्या आवरणात वाढलेली गाठ मिरजेतील एका रुग्णालयात काढण्यात आली, त्या रात्री दर तासाला एक सिस्टर तिच्या खाटेशी येई. ‘काकू, डोळे उघडा,’ असे मोठ्याने म्हणे. नाव, गाव आणि चालू महिना विचारी. दोन्ही हातांनी आपली बोटे दाबायला लावी. बॅटरीचा झोत एकेका डोळ्यात टाकून बाहुली आक्रसते की नाही ते पाही. आणि डोळे, वाणी व हालचाल या तीन सदरांखाली आकडे मांडून पुढच्या खाटेकडे वळे. थकून झोपलेला मनुष्य आणि ग्लानीत बुडू लागलेला मनुष्य दुरून एकसारखेच दिसतात, आणि कवटीच्या आत रक्तस्राव होऊ लागला किंवा सूज वाढली, तर त्याची पहिली वर्दी पुष्कळदा मंदावत जाणाऱ्या जागृतीवरूनच मिळते. थकलेला मनुष्य कुरकुरत का होईना, जागा होऊन बरोबर उत्तर देतो. त्या एका उत्तरासाठी त्याची झोप मोडणे हे तेथील कामाचे पहिले कलम आहे.

पहाटेपर्यंत अक्काचे आकडे पंधरापैकी पंधरा भरू लागले. परंतु पंधरापैकी पंधरा गुण मिळालेल्या मनुष्याने दात घासून झाल्यावर उशीवर डोके टेकावे आणि नंतर कितीतरी वेळ त्याला शब्दही उच्चारवू नये, हा प्रकार त्या तक्त्यात कोठेच बसत नव्हता.

रुग्णालयाचे दफ्तर मोठे काटेकोर असते, आणि ते तसे व्हावे यासाठी शतकाहून अधिक काळ श्रम झालेले आहेत. हार्वी कुशिंग याने विद्यार्थिदशेत, १८९५ च्या सुमारास, आपल्या एका सहाध्यायासह भूल दिलेल्या रुग्णाची नाडी व श्वास तक्त्यावर उतरविण्याचा परिपाठ घातला. अक्काला झालेल्या प्रकारच्या गाठीस मेनिन्जिओमा हे नाव १९२२ साली त्यानेच दिले. जागृती मोजण्याची ती तीन सदरांची पद्धत ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनी १९७४ साली प्रसिद्ध केली. थकव्याला मात्र दफ्तरात स्वतःचे सदर मिळण्यास पुष्कळ उशीर लागला. नाडीला घड्याळ साक्षी असते, गाठीला एम.आर.आय. साक्षी असते, थकव्याला रुग्णावाचून दुसरा साक्षीदार नाही. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील संशोधकांनी १९९९ साली नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तीत रुग्णाने आपला थकवा शून्य ते दहा या आकड्यांत सांगावयाचा असतो. पण तो आकडाही शेवटी रुग्णाची कैफियतच होय, आणि ती खरी मानल्यावाचून पुढचे काम चालत नाही.

अक्काची कैफियत शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. तासगाव तालुक्यातील शाळेत मुलांच्या वह्या तपासता तपासता तिचे डोळे मिटू लागत, तेव्हा कोणी रक्त कमी असेल म्हणाले, कोणी वयाचा परिणाम म्हणाले, आणि आम्ही घरच्यांनी कामाची दगदग म्हणून तो विषय मिटविला. पुढे एकदा फीट आली आणि मग तपासणीत गाठ दिसली. मेंदूत गाठ असलेल्या अनेकांना हा थकवा शस्त्रक्रियेपूर्वीच जडलेला असतो. गाठ निघाली की तोही निघून जाईल अशी घरच्यांची समजूत असते, आणि तेथेच पहिली निराशा पदरी येते.

राउंडच्या वेळी डॉक्टरांनी त्याची कारणे समजावून सांगितली, तेव्हा ध्यानी आले की थकवा एक असला तरी त्याचे वाटेकरी अनेक आहेत. शरीराच्या वजनाचा सुमारे २ टक्के भाग असलेला मेंदू विश्रांतीच्या स्थितीतही शरीराच्या एकंदर ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा खर्च करतो. अशा अवयवाला कित्येक तास भूल, हाताळणी आणि मागाहून येणारी सूज सोसावी लागते. सूज उतरविण्यासाठी दिलेले डेक्सामेथासोन झोप उडविते, म्हणून ते शक्यतो सकाळ-दुपारीच देतात. रक्तातील साखर वाढविते, म्हणून बोटाला वरचेवर टोचावे लागते. आणि अधिक काळ चालू राहिल्यास मांड्यांचे स्नायू क्षीण करते, त्यामुळे पाटावरून उठणेही कठीण होते. ते एकाएकी बंद करण्याचीही सोय नाही, कारण तेवढ्या मुदतीत शरीराने स्वतःचे संप्रेरक बनविण्याचे काम सोडून दिलेले असते. मात्रा पायरीपायरीने उतरवावी लागते. फीट येऊ नये म्हणून दिलेल्या गोळीने गुंगी येते. शिवाय मोडलेली झोप, रक्तातील सोडियमची घट आणि मनाची खिन्नता यांचाही हिशेब घ्यावा लागतो. यांतील काही कारणांना इलाज आहे, म्हणूनच ‘ऑपरेशन झालंय, थकवा येणारच’ असे म्हणून हात झटकणे डॉक्टरांना मान्य नव्हते.

विभागात हलविल्यावर थेरपिस्ट बाईंनी अक्काच्या उशाशी एक वही ठेवली. डाव्या बाजूस वेळ, मध्ये केलेले काम, उजवीकडे थकव्याचा आकडा. लिहिणे माझ्याकडे, आकडा सांगणे तिच्याकडे. खाटेच्या कडेला पाय सोडून बसणे, उभे राहणे, मोरीपर्यंत चालत जाणे या ज्या गोष्टींची आम्हांला धास्ती होती, त्यांचे आकडे बेताचेच निघाले. मात्र शाळेतील दोन शिक्षिका भेटीस येऊन एकाच वेळी दोन बाजूंनी बोलू लागल्या, तेव्हा अक्का हसतमुखाने पाऊण तास ऐकत राहिली आणि त्या जाताच नऊ म्हणून तिने भिंतीकडे तोंड वळविले. ज्या बोलण्यातून नको ते गाळून हवे तेवढे टिपायचे असते, ते मेंदूला पावलांपेक्षा महाग पडते, हे आम्हांला वहीने शिकविले. सकाळचा पूर्वार्ध सर्वांत चांगला, चारनंतरचा काळ सर्वांत वाईट. आणि एखाद्या दिवशी हुरूप वाटून अधिक काही केले, तर त्याची वसुली दुसऱ्या दिवशी होई. आमच्या अवर्षणाच्या मुलखात उन्हाळ्यातील विहीर रात्रभर पाझरून पहाटे जेवढी भरते तेवढेच पाणी उपसता येते, आणि अधिक उपसू पाहिले तर पोहऱ्यात गाळ येतो. अक्काच्या शक्तीचा व्यवहार नेमका तसा होता.

समोरच्या खाटेवरील तरुण शेतकऱ्याची गाठ निराळ्या जातीची होती आणि त्याला पुढे किरणोपचार घ्यावयाचे होते. अशा उपचारात सामान्यतः आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा आठवडे जावे लागते; थकवा आठवड्यागणिक साचत जातो आणि उपचार संपल्यावरही काही काळ रेंगाळतो. हे त्याच्या पत्नीला थेरपिस्ट बाई आगाऊच सांगत होत्या, कारण घरी गेल्यावर ‘आता काय झालंय तुला?’ हा प्रश्न सासरच्या ओसरीवर उभा राहणार, हे त्या अनुभवाने जाणून होत्या.

इलाज म्हणून जे हाती येते ते साधे आहे. जागृती वाढविणारी औषधे मेंदूच्या गाठीच्या रुग्णांवर तपासण्यात आली, पण महत्त्वाच्या चाचण्यांत ती दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. नेमाने थोडे चालणे, झोपेची वेळ पाळणे, थकवा येण्यापूर्वीच थांबणे आणि कामांत निवड करणे, एवढाच बंदोबस्त उरतो. त्यांपैकी निवड करणे सर्वांत अवघड, कारण तिच्यात आपण काय सोडून देणार हे चारचौघांत सांगावे लागते.

रजा संपवून अक्का शाळेत रुजू झाली तेव्हा केस वाढून व्रण झाकला गेला होता, आणि ‘बाई, तुमच्याकडे बघून काही वाटत नाही हो,’ असे एका सहकाऱ्याने सद्भावनेनेच म्हटले. ‘दिसत नाही म्हणूनच सांगते आहे,’ असे उत्तर देऊन तिने सकाळचे दोन तास सातवीच्या गणितासाठी मागून घेतले आणि पोषण आहाराच्या नोंदी व दुपारची हजेरी धाकट्या शिक्षिकेच्या स्वाधीन केली. हे वाटप तिने कोणत्या हिशेबाने केले, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘हजेरी कुणीही मांडेल, अपूर्णांक मलाच शिकवायचे आहेत.’