सोयाबीन कोण खातं, आणि खाणाऱ्याला कोण?

2022च्या जुलैत पावसाची झड लागली आणि लातूर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात नाहीशी होऊ लागली. दिवसा शेतात काहीच दिसत नसे. अंधार पडला की बांधाच्या दगडांतून, काडीकचऱ्यातून, उकिरड्याच्या कडेने शंखी गोगलगायी बाहेर पडत आणि नुकती उगवलेली रोपं फस्त करत. कितीतरी जणांना दुबार पेरणी करावी लागली. पुढे या नुकसानीसाठी सरकारला मदत जाहीर करावी लागली.

ही गोगलगाय मूळची इथली नव्हे. ती पूर्व आफ्रिकेतली. 1847 साली विल्यम हेन्री बेन्सन या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने ती मॉरिशसहून आणून कोलकात्यात सोडली, तिथून ती देशभर पसरली. तिच्यात नर-मादी असा भेद नसतो, म्हणजे प्रत्येक गोगलगाय अंडी घालते, आणि तीही एका वेळी शंभराहून अधिक, वर्षातून अनेकदा. उन्हाळ्यात शंखाचं तोंड बंद करून ती मातीत निपचित पडून राहते. शंख वाढायला तिला चुना लागतो आणि मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत चुनखडीची वाण नाही.

पण एवढ्या गोगलगायी पोसल्या कशा गेल्या, याचं उत्तर शेतातल्या ऊर्जेच्या हिशेबात शोधावं लागतं.

हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो अमेरिकेतल्या रेमंड लिंडेमन या तरुणाने. मिनेसोटातल्या एका छोट्या तळ्यात वनस्पती किती ऊर्जा साठवतात, त्यांना खाणाऱ्यांकडे त्यातली किती जाते आणि त्यांच्याही वरच्यांच्या वाट्याला काय उरतं, हे त्याने मोजलं. 1942 साली तो अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी वारला आणि त्याचा निबंध त्याच वर्षी छापून आला. एका पायरीवरून वरच्या पायरीवर साधारण दहावा हिस्सा पोचतो, हा शाळेत शिकवला जाणारा ठोकताळा त्याच कामातून आला. बाकीची ऊर्जा जगण्यात खर्ची पडते, उष्णता होऊन निघून जाते, किंवा विष्ठा आणि पालापाचोळ्याच्या रूपाने मातीतल्या जिवाणू-बुरशीकडे वळते.

लातूर जिल्ह्यात खरिपात चार लाखांहून अधिक हेक्टरांवर सोयाबीन असतं. जूनअखेर ते सगळं एकाच वयाचं आणि तितकंच कोवळं. पहिल्या पायरीवर एकच खाद्य एवढं मोकळं पडलं, की ते खाऊ शकणाऱ्याची संख्या फुगायला फक्त अनुकूल पाऊस हवा. असं याआधीही घडलं होतं. 2008 साली मराठवाडा आणि विदर्भातल्या सोयाबीनवर तंबाखूवरची पाने खाणारी अळी अशीच तुटून पडली होती. त्यानंतर राज्यात कीड-रोगांवर गावोगाव नजर ठेवणारा ‘क्रॉपसॅप’ प्रकल्प सुरू झाला.

आता वरच्या पायरीकडे पाहू. या गोगलगायीला खाणारा आपल्याकडे आहे, तो म्हणजे भारद्वाज, अर्थात कुंभारकावळा. दाट काटेरी झुडपात घरटं करणारा, जमिनीवर चालत अळ्या, सरडे, गोगलगायी टिपणारा हा पक्षी एका विणीत तीन ते पाच अंडी घालतो. त्यात तो उष्ण रक्ताचा. खाल्लेल्यातला फार मोठा भाग शरीर उबदार ठेवण्यात जातो आणि जेमतेम एक-दोन टक्के वाढीला लागतात. गोगलगायीला असला खर्च नाही, म्हणून तिचं पोट भरलं की तिची पिलावळ झपाट्याने वाढते. आलेला लोंढा भारद्वाजाने खाऊन संपवावा, ही अपेक्षा या हिशेबात कधीच बसत नाही. गोगलगायी थोड्या असतानाच त्या थोड्याच ठेवणं एवढं त्याला जमतं, आणि तेच मोलाचं आहे.

पण त्यासाठी त्याला राहायला जागा हवी. बांधावरच्या बाभळी, बोरी, हिवर गेल्या आणि यंत्राने बांध कोरून अरुंद झाले. इथे एक खरा पेच आहे. गोगलगायींना लपायला जागा राहू नये म्हणून बांध स्वच्छ ठेवा, असा कृषी विभागाचा सल्ला असतो आणि तो बरोबर आहे. मात्र गोगलगाय लपते ती जमिनीलगतच्या तणात आणि कचऱ्यात, तर भारद्वाज राहतो वरच्या झुडपात. तण काढा आणि बोर-बाभूळ ठेवा, एवढा फरक त्या सल्ल्यात ठळकपणे यायला हवा.

नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या जंगलाकडे गेलं की खाण्याची ही साखळी किती फाट्यांची असू शकते ते दिसतं. सागाच्या पानांची जाळी करणारी अळी तिथल्यासारख्या सागवनांतही येते, पण सागाशेजारी मोह, टेंभुर्णी असतात, गळलेली पानं वाळवी खाते, वाळवीला अस्वल उकरून खातं. एकाच तोंडाला सगळं जंगल खुलं मिळत नाही.

बाहेरून भक्षक आणून सोडण्याचा मार्गही जगाने चोखाळला आहे. हवाईत 1955 साली आणि फ्रेंच पॉलिनेशियात 1970च्या दशकात या आफ्रिकी गोगलगायीला खायला दुसरी मांसभक्षक गोगलगाय आणली. तिने तिथल्या छोट्या स्थानिक गोगलगायींच्या कितीतरी जाती संपवल्या आणि आफ्रिकी गोगलगाय राहिली ती राहिलीच.

म्हणून मराठवाड्यात आज भर आहे तो वेचण्यावर. पहिल्या पावसानंतर, अंडी घालण्याआधी, गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी शेतात ठिकठिकाणी टाकायची, सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. बांधाकडेने चुन्याचा पट्टा ओढायचा. हे एकट्याने करून भागत नाही, कारण शेजारच्या शेतातून त्या पुन्हा येतात. सबंध शिवाराने एकाच आठवड्यात वेचणी केली तर उपयोग होतो. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या परिणामकारक आहेत, पण त्या कुत्र्यांना, कोंबड्यांना आणि पक्ष्यांनाही विषारी. त्या वापरल्या तर मेलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचलून खोल पुरायच्या, म्हणजे त्या भारद्वाजाच्या चोचीत जाणार नाहीत.