खिसा पर्यटकाचा, चावी सरकारची

परदेशी पर्यटनावरील खर्चात जर्मन आणि अमेरिकी प्रवाशांचा वर्षानुवर्षे वरचा क्रमांक असे. २०१२ मध्ये चीनने या दोघांनाही मागे टाकले. त्या वर्षी चिनी पर्यटकांनी देशाबाहेर १०२ अब्ज डॉलर खर्च केले. २०१९ पर्यंत हा आकडा अडीचशे अब्जांच्या घरात पोहोचला आणि सहलींची संख्या १५ कोटींच्या पुढे गेली. यातील मोठा वाटा हाँगकाँग व मकावचा होता, तरीही या पाहुण्यांसाठी जगभरच्या बाजारपेठांनी पायघड्या घातल्या.

हे दार मात्र एकाएकी उघडलेले नाही. १९८३ मध्ये ग्वांगडाँग प्रांतातील रहिवाशांना नातलगांच्या भेटीसाठी हाँगकाँगला जाण्याची मुभा मिळाली. पुढे चीन सरकारने 'मान्यताप्राप्त देशां'ची यादी केली. त्याच देशांत परवानाधारक पर्यटन कंपन्यांनी सहली न्यायच्या, असा नियम झाला. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड, तर २००४ मध्ये युरोपातील बहुतांश देश या यादीत आले.

खरेदीच्या वेडामागेही सरळ हिशेब होता. आयात शुल्क आणि करांमुळे उंची वस्तू चीनमध्ये महाग पडत. परदेशात त्याच स्वस्त मिळत. जपानमध्ये तर भात शिजविण्याच्या कुकरपासून सौंदर्यप्रसाधनांपर्यंतच्या या झुंबडीला 'बाकुगाई' हे नाव मिळाले आणि २०१५ मध्ये त्या शब्दाची वर्षाचा शब्द म्हणून निवड झाली. हा पैसा देशातच राहावा म्हणून चीनने जुलै २०२० मध्ये हैनान बेटावरील करमुक्त खरेदीची वार्षिक मर्यादा ३० हजार युआनवरून एक लाख युआन केली.

परंतु उघडणारे दार बंदही करता येते. अमेरिकी 'थाड' क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा उभारण्यास दक्षिण कोरियाने परवानगी दिल्यानंतर, मार्च २०१७ मध्ये तेथील चिनी सहली थांबल्या. २०१६ मध्ये सुमारे ८० लाख असलेली चिनी पर्यटकांची संख्या वर्षभरात जवळपास निम्म्यावर आली. धोरण सरकारांचे होते. झळ सोलच्या दुकानदारांना बसली.

करोनाकाळातील निर्बंध जानेवारी २०२३ मध्ये उठले, तरी जपान, दक्षिण कोरिया आणि अमेरिकेच्या सामूहिक सहलींना त्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत वाट पाहावी लागली. आता गटाऐवजी स्वतंत्रपणे फिरणारे तरुण वाढले आहेत. खरेदीपेक्षा अनुभवावर त्यांचा भर आहे. अशा प्रवाशाला रोखणे अवघड, असा समज होता. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये तैवानविषयीच्या वादातून चीनने नागरिकांना जपानला न जाण्याचा सल्ला दिला. विमान कंपन्यांनी तिकिटांचे पैसे परत देऊ केले आणि प्रवाशांचा ओघ आटला. आदेशाची गरजच पडली नाही.

म्हणूनच एकाच देशाच्या पाहुण्यांवर पर्यटन व्यवसाय उभारणाऱ्यांनी त्यांचा खर्च मोजताना, तो कोणाच्या मर्जीवर अवलंबून आहे, हेही पाहायला हवे.