काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नेत्रात होणारे बदल

मोतीबिंदू काढलेल्या मनुष्यास बहुधा थोड्याच दिवसांत जग उजळलेले दिसू लागते. काचबिंदूच्या रुग्णास असा अनुभव येत नाही. उलट, पहिले काही आठवडे त्याला पूर्वीपेक्षाही अंधुक दिसण्याचा संभव असतो. शस्त्रक्रिया फसली अशी समजूत करून घेऊन तो तपासणीस जाणे सोडतो, आणि नेमका तोच काळ देखरेखीचा असतो.

डोळ्याच्या पुढील भागात दर मिनिटास सुमारे २ ते ३ मायक्रोलिटर नेत्रजल पाझरत असते. त्याच्या निचऱ्यास अडथळा झाला की नेत्रांतर्गत दाब वाढतो व दृष्टिमज्जातंतूचे धागे क्रमाक्रमाने नष्ट होतात. ते पुन्हा उत्पन्न होत नाहीत. म्हणून गेलेली दृष्टी परत आणणे हा या शस्त्रक्रियेचा हेतूच नव्हे; उरलेली राखणे एवढाच तिचा हेतू होय.

मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयातील आर. एच. एलियट यांनी १९०९ च्या सुमारास श्वेतपटलास आरपार छिद्र पाडून निचऱ्याची वाट करून देण्याची पद्धती प्रचारात आणली. तीत पाणी अनिर्बंध वाहून डोळा मऊ पडण्याचे भय असे. १९६८ मध्ये केर्न्स यांनी वर्णिलेल्या पद्धतीत या छिद्रावर श्वेतपटलाचीच एक पातळ झडप टाक्यांनी बसविलेली असते. आजही मुख्यतः हीच रीत चालते. झडपेखालून झिरपलेले पाणी नेत्राच्या बाह्य आवरणाखाली साचते आणि वरच्या पापणीआड एक फिकट फुगवटी तयार होते. पुष्कळ रुग्ण तिला गाठ समजून घाबरतात. वस्तुतः ती निचरा चालू असल्याची खूण आहे.

येथे एक विलक्षण विरोध दिसतो. अन्यत्र जखम भरून येणे हे यश. येथे ती पुरती भरली तर वाट बुजते व दाब पुन्हा चढतो. यासाठी मायटोमायसिनसारखे व्रण रोखणारे औषध वापरतात, व पुढे जरूर पडल्यास झडपेचे टाके लेसरने सैल करतात. मात्र औषधाचा परिणाम अधिक झाला तर फुगवटीची त्वचा फार पातळ होते. दाब अतिशय उतरल्यास दृष्टिपटलावर सुरकुत्या पडून नजर मंदावते.

दाब उतरल्याने नेत्रगोलाची लांबी किंचित कमी होते. टाक्यांच्या ताणाने पारपटलाची वक्रताही बदलते. त्यामुळे जुना चष्मा जुळेनासा होतो. हे बदल स्थिरावण्यास बहुधा दोन-तीन महिने लागतात. तोपर्यंत नवा चष्मा करणे म्हणजे पैसे वाया घालविणे होय. मोतीबिंदूही लवकर वाढतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत, या शस्त्रक्रियेनंतर त्याचा धोका ७८ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. तो पुढे काढता येतो, मज्जातंतूची हानी मात्र भरून निघत नाही. हे ध्यानी घेता हा सौदा तोट्याचा म्हणता येणार नाही.

फुगवटी जन्मभर राहते, व तिच्याबरोबर जंतुसंसर्गाची शक्यताही. म्हणून डोळा चोळू नये. शस्त्रक्रियेस कित्येक वर्षे लोटली असली, तरी डोळा लाल होणे, ठणकणे, चिपडे येणे वा नजर एकाएकी धूसर होणे यांपैकी काही घडल्यास त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा. घरातील जुने थेंब घालून दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.