गॅस फायरप्लेसचा ब्लोअर

अमेरिका-कॅनडातल्या घरांत भिंतीत बसवलेल्या गॅस फायरप्लेसची बरीच ऊब काचेमागेच घुटमळते. ती खोलीत आणतो ब्लोअर. तो खालच्या जाळीमागे, फायरबॉक्सखाली (म्हणजे आग जळते त्या पत्र्याच्या पेटीखाली) किंवा तिच्या पाठीशी बसतो. खोलीतली गार हवा खालून ओढायची, तापलेल्या पत्र्याभोवती फिरवायची आणि वरच्या फटीतून बाहेर सोडायची, एवढंच त्याचं काम. जळलेल्या वायूशी या हवेचा संबंध येत नाही.

ब्लोअरला 120 व्होल्टची वीज लागते. तिच्या वाटेत वेगनियंत्रक आणि फायरबॉक्सच्या तळाला चिकटवलेला, उष्णतेवर चालणारा चकतीसारखा स्विच असतो. पत्रा साधारण 45 ते 50 अंश सेल्सिअस तापला की स्विच जोडला जातो. म्हणून आग लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं पंखा गप्प राहिला, तर तो बिघडलाय असं समजू नका.

जोडणी करताना तारांचे रंग बघा: अमेरिका-कॅनडात काळी तार जिवंत, पांढरी न्यूट्रल, हिरवी किंवा उघडी अर्थिंगची. आपल्याकडे काळी तार न्यूट्रलची, त्यामुळे भारतातल्या सवयीने हात घालणं जिवावर बेतू शकतं. अनेक मॉडेल्समध्ये गॅस व्हॉल्व्हच्या बारीक तारा जेमतेम अर्ध्या-पाऊण व्होल्टवर चालतात. त्यांना 120 व्होल्टची जोडणी कधीही करू नका.

नवं घर बांधत असाल, तर ब्लोअर आज घ्यायचा नसला तरी फायरप्लेसच्या जंक्शन बॉक्सपर्यंत वायर आत्ताच ओढून घ्या. नंतर भिंत फोडावी लागते.