अणुगर्भाचे अंतरंग – लेखांक ७ : कंपनांची साक्ष

मागील लेखांकात आपण असे पाहिले की, जो अणुगर्भ पूर्ण गोल नसून नारळासारखा लांबट असतो, तो स्वतःभोवती परिवलन करू शकतो आणि त्या परिवलनाच्या ऊर्जापातळ्या एका ठराविक प्रमाणात चढत जातात. ६८ प्रोटॉन व १०० न्यूट्रॉन असलेल्या अर्बियम-१६८ मध्ये पहिल्या दोन पातळ्या ७९.८ आणि २६४.१ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टांवर आढळतात. त्यांचे गुणोत्तर ३.३१ येते आणि आदर्श परिवलकासाठी सिद्धांताने सांगितलेल्या ३.३३ या आकड्याशी ते जवळजवळ जुळते. परंतु असा गर्भ केवळ फिरत नाही, तो कंपही पावतो.

रेनवॉटर यांनी १९५० साली विरूपित गर्भाची कल्पना मांडली आणि पुढील दोनतीन वर्षांत कोपनहेगन येथे आगे बोर व बेन मॉटेलसन यांनी तिला संपूर्ण शास्त्राचे स्वरूप दिले; या कार्याबद्दल तिघांना १९७५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या मते कंपनाचे प्रमुख प्रकार दोन. बीटा कंपनात गर्भाचा मधला छेद वर्तुळाकारच राहतो आणि त्याची लांबी कमीअधिक होते. गॅमा कंपनात मात्र तो छेदच चेपून लंबवर्तुळाकार होतो. या गॅमा कंपनाचा गॅमा किरणांशी नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

अर्बियम-१६८ मधील गॅमा कंपनाची पहिली पातळी ८२१.२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टांवर आहे. तेथून गर्भ एक तर थेट तळपातळीवर उतरतो, नाहीतर ७४१.४ चा किरण सोडून परिवलनाच्या पहिल्या पातळीवर थांबतो. दोहोंतील अंतर बरोबर ७९.८ भरते, आणि अशा बेरीज-वजाबाकीच्या हिशेबानेच पातळ्यांचा तक्ता उभा राहतो. पण याच गर्भातून ८१६.० चाही एक किरण निघतो, आणि सोडियम आयोडाइडच्या जुन्या शोधकात तो ८२१.२ च्या रेषेत मिसळून जात असे. सुमारे दोन किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी भेदक्षमता असलेला जर्मेनियमचा शोधक हाती आल्यावरच अशा रेषांची शहानिशा सुकर झाली.

तथापि केवळ ऊर्जा जुळली म्हणून ती पातळी कंपनाचीच, असा फैसला देता येत नाही. ८२१.२ व ७४१.४ या दोन्ही किरणांच्या तीव्रता मोजून आणि त्यांतून ऊर्जेच्या पाचव्या घाताचा परिणाम वगळून जे गुणोत्तर उरते, ते १९५५ च्या अलागा नियमानुसार ०.७० असावयास हवे. प्रत्यक्षात ते ०.५४ च्या जवळपास येते. नियम खोटा ठरला असा याचा अर्थ नव्हे; परिवलन आणि कंपन ही एकमेकांत किंचित मिसळतात, आणि ही तूट त्या मिश्रणाचे मापच होय.

कंपन खरे असेल तर त्याचे दोन पुंज, म्हणजे कंपन-ऊर्जेची दोन एकके, एकावर एक रचता यावेत, ही पुढची आणि कठीण कसोटी. ग्रेनोबल येथील अणुभट्टीत अर्बियम-१६७ ने न्यूट्रॉन गिळला म्हणजे तयार होणारा अर्बियम-१६८ पहिल्या किरणाच्या धक्क्याने क्षणभर मागे रेटला जातो; दुसरा किरण तो थांबण्यापूर्वी निघाला, तर त्याची रेषा डॉप्लर परिणामाने रुंदावते. स्फटिकांच्या अतिसूक्ष्म वर्णपटमापकाने ही रुंदी मोजून बोर्नर व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये २०५५.९ वरील पातळीचे आयुष्य ठरविले आणि ती द्विपुंज गॅमा कंपनाची असल्याचा पुरावा सादर केला. तिची ऊर्जा एका पुंजाच्या दुप्पट नसून सुमारे अडीचपट आहे, म्हणजे हे कंपन आदर्श दोलकाचे नव्हे.

बीटा कंपनाचा दावा मात्र याहून कच्चा आहे. याच गर्भातील १२१७ वरील शून्य परिवलांकाची पातळी दीर्घकाळ त्याची उमेदवार मानली जाई. तळपातळीवर रचलेल्या परिवलन-पातळ्यांच्या मालिकेला तळपट्टा आणि गॅमा कंपनाच्या पातळीवर रचलेल्या मालिकेला गॅमा पट्टा म्हणतात. परंतु तिचे तळपट्ट्याकडे जाणारे संक्रमण क्षीण आणि गॅमा पट्ट्याकडे जाणारे प्रबळ निघाले. ज्या पातळीचा ओढा तळपट्ट्याकडे नाही, तिला त्या आकाराचे सरळ कंपन म्हणणे कठीण. विरूपित गर्भांपैकी मोजक्यांतच बीटा कंपनाचा निःसंदिग्ध दाखला सापडतो. म्हणून पाठ्यपुस्तकात ही दोन कंपने जोडीने छापलेली दिसली, तरी वाचकाने गॅमा कंपन सिद्ध आणि बीटा कंपन बहुतांशी वादग्रस्त असेच धरून चालावे.